चौकात विद्यापीठ भरवणारा पंतप्रधान

ट्रिनिडाड म्हटले की आपल्याकडच्या माणसाला क्रिकेट आठवते. मार्च 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजला पहिल्यांदाच कसोटी सामन्यात हरवले, दिलीप सरदेसाईंनी शतक काढले, सुनील गावस्करांनी तेथेच पदार्पण केले, ही माहिती चहाच्या टपरीवरसुद्धा मिळते. पण त्याच वेळी त्या देशाचा पंतप्रधान कोण होता, असे विचारले तर भले भले गप्प बसतील. वास्तविक हा पंतप्रधान म्हणजे जगातल्या नामवंत इतिहासकारांपैकी एक होता. गुलामांच्या रक्तावर इंग्लंडची श्रीमंती कशी उभी राहिली, हे त्याने इंग्लंडच्याच विद्यापीठात बसून सिद्ध केले होते. त्यांचे नाव डॉ. एरिक विल्यम्स. आपल्याकडच्या प्रस्थापित वृत्तपत्रांनी हा माणूस मराठी वाचकांपर्यंत कधी आणला नाही. आणतील कशाला? गुलामांचा इतिहास गुलामांच्या वंशजाने लिहिला की काय होते, हे वाचकांना कळले तर त्यांचीच पंचाईत व्हायची.

आधी तो देश समजून घेतला पाहिजे. ट्रिनिडाड आणि टोबॅगो ही व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची दोन बेटे. दोन्ही मिळून क्षेत्रफळ जेमतेम 5,100 चौरस किलोमीटर, म्हणजे आपला एखादा मध्यम जिल्हासुद्धा त्याहून मोठा. 1498 मध्ये कोलंबस तेथे पोहोचला. त्यानंतर मूळचे रहिवासी बहुतांशी नष्ट झाले. ट्रिनिडाड आधी स्पेनच्या, 1797 पासून इंग्रजांच्या ताब्यात गेले. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे जनावरांसारखी आणली आणि विकली गेली. 1834 मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली, पण गुलामांना आणखी चार वर्षे उमेदवारीच्या नावाखाली मालकाकडेच राबवले गेले. आणि नुकसानभरपाई कोणाला मिळाली? गुलामांना नव्हे, मालकांना! त्यासाठी ब्रिटिश सरकारने 2 कोटी पौंड बाजूला काढले. त्यापोटी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब 2015 मध्ये मिटला. म्हणजे ब्रिटनमध्ये राहून कर भरणाऱ्या गुलामांच्या पणतू-खापरपणतूंनीही आपल्या पूर्वजांच्या मालकांचे देणे फेडले. जगात याहून मोठा उफराटा न्याय शोधून सापडणार नाही.

गुलाम सुटले आणि मळ्यावर राबायला तयार होईनात, तेव्हा मालकांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. 30 मे 1845 रोजी पहिले जहाज सव्वादोनशेच्या आसपास करारबद्ध मजूर घेऊन ट्रिनिडाडला लागले. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार माणसे अशी गेली. बहुतेक कलकत्त्याहून, उत्तर प्रदेश-बिहारच्या भागातली. मराठी मजूर तिकडे फारसा गेला नाही, तो मॉरिशसला गेला. या मजुरांत सगळ्या जातींचे लोक होते, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची संख्याही मोठी होती. जहाजात आणि मळ्यावरच्या बराकीत एका रांगेत झोपावे, एका भांड्यातले खावे लागले. त्यामुळे जातीची उतरंड तेथे बरीच खिळखिळी झाली. मात्र तिच्या जागी दुसरी उतरंड अगोदरच तयार होती. सर्वांत वर गोरा, मध्ये मिश्र रक्ताचा, खाली काळा, आणि या सगळ्यांच्या बाहेर उसाच्या फडात राहणारा हिंदुस्थानी. रंग हाच तेथला वर्ण होता. आपल्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या उतरंडीत 25 सप्टेंबर 1911 रोजी पोर्ट ऑफ स्पेन शहरात एरिक विल्यम्स यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात कारकून होते. बारा भावंडांत एरिक थोरले. वडिलांना बढती मिळावी म्हणून लागणाऱ्या तीनही गोष्टी त्यांच्याकडे नव्हत्या. योग्य रंग नव्हता, पैसा नव्हता आणि वरचे शिक्षण नव्हते. त्यांनी आपली सारी महत्त्वाकांक्षा मुलावर लावली. त्या काळी वसाहतीचे सरकार इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी दरवर्षी हाताच्या बोटावर मोजता येतील इतक्याच शिष्यवृत्त्या देई. गरीब काळ्या घरातल्या मुलाला वर येण्याची वाट म्हणजे ती एकच. क्वीन्स रॉयल कॉलेजात सी. एल. आर. जेम्स हे त्यांचे शिक्षक होते. हेच जेम्स पुढे हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास लिहून जगप्रसिद्ध झाले. शाळेत फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीमुळे एरिक यांना ऐकू कमी येऊ लागले आणि ही व्याधी आयुष्यभर पुरली. कानातले यंत्र आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा ही पुढे त्यांची ओळखच बनली. कानाच्या यंत्राची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

1931 मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि 1932 मध्ये विल्यम्स ऑक्सफर्डला दाखल झाले. 1935 मध्ये इतिहास विषयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. एवढी गुणवत्ता दाखवूनही तेथल्या मानाच्या फेलोशिपचे दार उघडले नाही. परीक्षेत पहिला वर्ग आणि जेवणाच्या टेबलावर परका, हा अनुभव त्यांनी गाठीशी बांधला. डिसेंबर 1938 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता गुलामांचा व्यापार आणि वेस्ट इंडिजमधली गुलामगिरी बंद होण्यामागची आर्थिक कारणे. 1939 मध्ये ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. काळ्या लोकांसाठी उभे राहिलेले हे नामांकित विद्यापीठ. तेथे असताना 1944 मध्ये त्यांचा ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथावर जरा थांबले पाहिजे, कारण विल्यम्स यांचे राजकारण याच ग्रंथातून निघाले. तोपर्यंत इंग्लंडातल्या शाळांत आणि ओघाने वसाहतींतल्या शाळांतही असे शिकवले जाई की विल्बरफोर्ससारख्या साधुपुरुषांच्या मनात दया उपजली आणि इंग्लंडने गुलाम मुक्त केले. गुलामांनी काय केले? काही नाही, त्यांनी गुडघे टेकून आभार मानले! विल्यम्स यांनी कागदपत्रे, जकातीचे आकडे, जहाजांच्या नोंदी आणि संसदेतली भाषणे समोर मांडून ही गोष्ट उलटी केली. कापड आणि बंदुका आफ्रिकेला, तेथून माणसे वेस्ट इंडिजला, तेथून साखर इंग्लंडला, या तिहेरी व्यापारातून लिव्हरपूल आणि ब्रिस्टल ही बंदरे फुगली आणि त्याच नफ्यातला पैसा बँकांत, विम्यात व कारखान्यांत गेला. पुढे वेस्ट इंडिजच्या साखरेची मक्तेदारीच इंग्लंडमधल्या कारखानदारांना अडचणीची वाटू लागली आणि मग गुलामगिरीविरुद्धच्या दयेला राजकीय बळ मिळाले. काळा माणूस हीन ठरला म्हणून गुलाम झाला असे नाही. मजूर स्वस्तात हवा होता म्हणून त्याला गुलाम केले गेले आणि नंतर तो हीन असल्याचे शास्त्र रचले गेले. शिवाय बार्बाडोस, डेमेरारा आणि जमैका येथल्या गुलामांनी बंड करून मालकांची झोप उडवली होती, हेही त्यांनी मांडले.

लंडनच्या प्रकाशकाकडे हे हस्तलिखित गेले तेव्हा ते ब्रिटिश परंपरेच्या विरुद्ध असल्याचे सांगून परत करण्यात आले. ते छापले गेले अमेरिकेत. इंग्लंडमध्ये आवृत्ती निघायला 1964 साल उजाडले, तोवर लेखक पंतप्रधान झाला होता. 2022 मध्ये त्याची नवी आवृत्ती इंग्लंडमध्ये निघाली आणि ती धडाधड खपली. नफ्याच्या आकड्यांविषयी आणि कारणांच्या क्रमाविषयी इतिहासकार आजही भांडतात आणि ते योग्यच आहे. पण दयाळू मालकाची गोष्ट त्यानंतर कोणालाही पूर्वीसारखी सांगता आली नाही.

पुढची काही वर्षे डॉ. विल्यम्स यांनी इंग्रज-अमेरिकनांनी वेस्ट इंडिजसाठी नेमलेल्या कॅरिबियन आयोगात नोकरी केली. साहेबांना हा हुशार काळा अधिकारी हवा होता, पण त्याची लेखणी नको होती. शेवटी जून 1955 मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. नोकरी गेली. दुसरा एखादा अमेरिकेत चांगल्या पगाराची प्राध्यापकी धरून सुखाने राहिला असता. विल्यम्स यांनी 21 जून 1955 रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफोर्ड चौकात सभा घेतली, आयोगात काय काय घडले ते सगळे लोकांपुढे उघड केले आणि आता आपण येथेच, आपल्या माणसांत राहणार असे जाहीर केले.

वुडफोर्ड चौक म्हणजे विधिमंडळाच्या लाल इमारतीसमोरचे मोकळे मैदान. नाव एका इंग्रज गव्हर्नराचे. तेथे विल्यम्स यांनी जे सुरू केले त्याला लोकांनीच विद्यापीठ म्हणायला सुरुवात केली. याची सुरुवात खरे तर आधीच झाली होती. नोव्हेंबर 1954 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयात एका विद्वान ख्रिस्ती धर्मगुरूशी त्यांचा जाहीर वाद रंगला होता. विषय कोणता, तर ॲरिस्टॉटल! तो ऐकायला लोकांची झुंबड उडाली. गोदीतला हमाल, मोलकरीण, शाळामास्तर, रिकामा तरुण असे सारे चौकात उभे राहून राज्यघटना, साखरेचा भाव, गुलामांचा व्यापार, शाळांची व्यवस्था या विषयांवर तास-दीड तास व्याख्याने ऐकत. विल्यम्स विनोद करीत, आकडे देत, टोमणे मारीत, पण श्रोत्याला अडाणी समजून विषय पातळ करीत नसत. लोकांना काय कळते, असे म्हणून व्यासपीठावरून नुसत्या घोषणा देणाऱ्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी ही व्याख्याने मिळवून वाचावीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. चळवळीची जमीन विल्यम्स यांनी नांगरली नव्हती. 1937 मध्ये युराया बटलर यांच्या नेतृत्वाखाली तेलाच्या क्षेत्रातल्या कामगारांनी संप केला, गोळ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. 1946 मध्ये पहिल्यांदा सर्व प्रौढांनी मतदान केले, ते या लढ्यामुळे. पण बटलर शिकलेले नव्हते, त्यांची भाषा बायबलची होती, आणि शहरातल्या मध्यमवर्गाला त्यांची लाज वाटे. लढा कामगाराने दिला आणि सत्ता पदवीधराच्या हाती गेली, हे अनेक देशांत झाले, तेथेही झाले.

जानेवारी 1956 मध्ये ‘पीपल्स नॅशनल मूव्हमेंट’ हा पक्ष स्थापन झाला. अवघ्या आठ महिन्यांनी, 24 सप्टेंबरच्या निवडणुकीत त्याने 24 पैकी 13 जागा जिंकल्या आणि नियुक्त सदस्यांच्या मदतीने विल्यम्स यांचे सरकार आले. त्यांनी सरकारी व अनुदानित माध्यमिक शाळांतले शुल्क बंद करून प्रवेशासाठी सर्वांना एकच परीक्षा लावली. त्यापूर्वी चांगल्या माध्यमिक शाळेचे दार पैसा आणि रंग पाहून उघडत होते. चर्चच्या ताब्यातल्या शाळांशी 1960 च्या डिसेंबरात करार करावा लागला. त्यात 80 टक्के जागा परीक्षेतल्या गुणांवर आणि 20 टक्के संस्थाचालकांच्या मर्जीवर ठेवल्या गेल्या. मॅनेजमेंट कोटा हा काही आपल्याच शिक्षणसम्राटांचा शोध नाही! ही तडजोड होती, पण तिच्यामुळेही हजारो गरीब पोरे वर आली.

दुसरा लढा अमेरिकेशी झाला. महायुद्धात इंग्रजांनी ट्रिनिडाडच्या लोकांना न विचारता चाग्वारामस हा सारा भाग 99 वर्षांच्या पट्ट्याने अमेरिकन आरमाराला दिला होता. 22 एप्रिल 1960 रोजी भर पावसात विल्यम्स हजारो लोकांचा मोर्चा घेऊन निघाले. त्या दिवशी चौकात सात कागदपत्रे जाळण्यात आली, त्यात हा पट्टाही होता. पुढे ती जमीन टप्प्याटप्प्याने परत मिळाली. एका चिमुकल्या बेटाने एवढ्या बलाढ्य राष्ट्राला वाटाघाटीला बसवले.

आता या चरित्रातली काळी बाजू. 1958 मध्ये वेस्ट इंडिजच्या बेटांचे संघराज्य झाले आणि त्याच्या पहिल्याच निवडणुकीत विल्यम्स यांचा पक्ष ट्रिनिडाडमध्ये हरला. 1 एप्रिल 1958 रोजी त्याच चौकात उभे राहून त्यांनी पराभवाचे खापर हिंदुस्थानी मतदारांवर फोडले. त्यांना वैरभाव बाळगणारे, न वळणारे अल्पसंख्य ठरवले. विरोधी बाजूला भदासे सगन महाराज आणि त्यांची सनातन धर्म महासभा होती, हे खरे. धर्माच्या नावावर मते गोळा होत होती, हेही खरे. पंडितांच्या राजकारणावर हल्ला करणे हा विल्यम्स यांचा अधिकारच होता. पण पंडित आणि फडात कोयता चालवणारा मजूर यांना त्यांनी एकाच पोत्यात भरले. त्या मजुरांत येथून जातीचा छळ सोसून गेलेल्यांची नातवंडे होती. गुलाम आणि करारबद्ध मजूर यांना एकाच मळ्याने पिळले, हे ज्याने इतरांना शिकवले त्यानेच मतांच्या हिशेबात ते विसरावे? कमालुद्दीन मोहम्मद यांच्यासारखे हिंदुस्थानी वंशाचे मंत्री त्यांच्या सरकारात होते, तरी मनातली भिंत उभी राहिली ती राहिलीच. तिचे फायदे पुढे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी घेतले.

सप्टेंबर 1961 मध्ये जमैकाच्या लोकांनी संघराज्यातून बाहेर पडण्याचा कौल दिला. दहातून एक गेला की शून्य उरते, असे गणित मांडून विल्यम्सही बाहेर पडले. 1962 मध्ये लंडनला घटनेवर वाटाघाटी झाल्या, विरोधी नेते रुद्रनाथ कपिलदेव यांच्याशी समझोता झाला आणि 31 ऑगस्ट 1962 रोजी देश स्वतंत्र झाला. त्या मुहूर्तावर पंतप्रधानांनी देशवासीयांना एक पुस्तक दिले. ट्रिनिडाड आणि टोबॅगोच्या जनतेचा हा इतिहास त्यांनी राज्यकारभार सांभाळून महिनाभरात लिहिला होता. घाईच्या खुणा त्यात दिसतात. पण स्वातंत्र्याच्या दिवशी आपल्या लोकांच्या हाती त्यांचाच इतिहास ठेवणारे पंतप्रधान जगात किती झाले?

सत्तेत माणूस एकटा पडत जातो. गुरू जेम्स 1958 मध्ये परत येऊन पक्षाचे वृत्तपत्र चालवीत होते, 1960 मध्ये दोघांचे फाटले. 1965 मध्ये साखर कामगारांच्या अशांततेमुळे आणीबाणी पुकारली गेली. त्या वेळी जेम्स क्रिकेटचे वार्ताहर म्हणून आले असता त्यांना घरातच स्थानबद्ध करण्यात आले. त्याच वर्षी संपावर जवळपास बंदी आणणारा कायदा झाला. इतिहासात ज्यांच्या बंडांचे गुणगान केले, त्यांच्याच नातवंडांच्या संपाला कुलूप! बँका, साखर आणि तेल अजून परकीयांच्याच हाती होते. बँकेच्या काउंटरवर काळा चेहरा औषधालाही दिसत नव्हता.

26 फेब्रुवारी 1970 रोजी तरुणांचा मोर्चा निघाला. कॅनडात वंशभेदाविरुद्ध लढलेल्या ट्रिनिडाडच्या विद्यार्थ्यांवर तेथे खटले चालले होते, हे निमित्त. मोर्चा कॅनडाच्या बँकेवर आणि मग कॅथलिक चर्चमध्ये गेला. ही पोरे विल्यम्स यांच्याच फुकट शाळांतून शिकलेली होती. गेडेस ग्रेंजर त्यांचे पुढारी. चौक तोच, फक्त त्याला आता जनतेची संसद म्हणत. 12 मार्चला ती हजारोंच्या संख्येने शहर सोडून कॅरोनीच्या उसाच्या पट्ट्यात चालत गेली, हिंदुस्थानी मजुरांशी एकजूट दाखवायला. म्हातारा नेता बारा वर्षांपूर्वी जी भिंत घालून बसला होता, ती पोरांनी पायी चालत जाऊन ओलांडायचा प्रयत्न केला. त्या काळातली माझ्या मते सर्वांत मोठी घटना ही, बंडापेक्षाही मोठी.

पंतप्रधानांनी रेडिओवरून सहानुभूती दाखवली, बेकारी हटवण्यासाठी खास कर लावला. पण चौकात ते गेले नाहीत. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीने बेसिल डेव्हिस हा तरुण मेला, त्याच्या अंत्ययात्रेला शहर लोटले. उपनेते ए. एन. आर. रॉबिन्सन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. 21 एप्रिलला आणीबाणी लागली, पुढारी पकडले गेले. त्याच दिवशी सैन्यातल्या एका गटाने रफीक शाह आणि रेक्स लासाल या तरुण अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली बंड केले. हे कुठे घडले? चाग्वारामसलाच! अमेरिकेकडून सोडवून घेतलेल्या त्या भूमीवरून शहराकडे येणारा रस्ता तटरक्षक नौकांनी तोफा डागून अडवला आणि विल्यम्स यांच्या सरकारने अमेरिकेकडून शस्त्रे मागवली. बंड मोडले. मे 1971 च्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला. एक तृतीयांशच्या आसपास मतदान झाले आणि सगळ्या 36 जागा सत्ताधारी पक्षाला मिळाल्या.

1973 मध्ये विल्यम्स यांनी निवृत्ती जाहीर केली आणि थोड्याच महिन्यांत मागे घेतली. तेवढ्यात जगात तेलाचे भाव चौपट झाले. त्या पैशातून सरकारने शेल कंपनीची मालमत्ता विकत घेतली, नैसर्गिक वायूवर चालणारे अवजड उद्योग उभे केले. 1976 मध्ये देश प्रजासत्ताक झाला. पैसा आला तसा भ्रष्टाचारही आला आणि पंतप्रधान लोकांत दिसेनासे झाले. संसदेत कोणी नको ते बोलू लागले की ते कानातले यंत्र बंद करतात, असे लोक सांगत.

29 मार्च 1981 रोजी, पदावर असतानाच, वयाच्या 69 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सलग चोवीस वर्षांहून अधिक काळ ते सत्तेवर होते. त्यांच्यामागे पक्षाने लगेचची निवडणूक जिंकली. 1986 मध्ये तो 36 पैकी अवघ्या 3 जागांवर आला आणि पंतप्रधान झाले तेच रॉबिन्सन. 1995 मध्ये बासदेव पांडे हे हिंदुस्थानी वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. विल्यम्स यांनी गुलामगिरीवर लिहिलेल्या शेवटच्या ग्रंथाचे हस्तलिखित मात्र त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षे छापल्यावाचून पडून होते.